तागात गुंडाळलेला सेन्सर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मिलिवोये बावीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात होता. हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की आमच्या जिन्यातल्या मांजरांनाही एव्हाना पाठ झालं असेल. कारखान्यात तो नेमकं काय करायचा, हे मात्र तो सांगत नाही, म्हणून मी सांगते. तो डाव्या बाजूच्या मागच्या दाराला रबराची पट्टी लावायचा. फक्त डाव्या. उजव्या दाराला दुसरा माणूस होता, आणि त्या दोघांमधून विस्तव जात नसे, कारण उजवीकडचं काम फार सोपं आहे असं मिलिवोयेचं म्हणणं होतं.

आमच्या क्रागुयेवात्समध्ये हे असंच चालतं. गावात कारखाना होता, त्यामुळे गावातला प्रत्येक पुरुष स्वतःला जन्मजात उस्ताद समजतो. कँटीनमध्ये शेंगांचं सूप वाढणारा माणूससुद्धा आज नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगतो. बायको घर सोडून गेली तर माणूस चारचौघांत कबूल करेल, पण गाडी गॅरेजमध्ये नेली हे मरेपर्यंत कबूल करणार नाही. कारखान्याने निम्म्या लोकांना घरी बसवलं, तेव्हापासून तर या सगळ्या उस्तादांना दिवसभर दुसरं कामच उरलेलं नाही. इमारतीसमोर कुणी नुसतं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चार जण जमतात आणि त्यांच्या पाठोपाठ राकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची, बाटली येते. गाडी दुरुस्त होतेच असं नाही. बाटली मात्र नेमाने संपते.

मी यागोदा. पोस्टात एकतीस वर्षं खिडकीमागे बसले आणि आता निवृत्त आहे. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, माझी बहीण देसांका आणि मिलिवोये पहिल्या मजल्यावर. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. मला ते कधी खोटं वाटलं नाही आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही दिसलं नाही. खिडकीमागे बसून रोज दोनशे मूर्खांशी बोलल्यावर कुणाचीही जीभ तिखट होईल.

मिलिवोये दिसायला बरा आहे, हे मी मान्य करते. उंच आहे, खांदे रुंद आहेत, मिशी भरघोस आहे. कारखान्याचा निळा डगला तो अजून घालतो, आणि कानामागे पेन्सिल खोचतो. त्या पेन्सिलीने त्याने काही लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही. घरात काहीही बिघडलं तरी बाहेरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. माझ्या न्हाणीघरातला नळ गळत होता, तेव्हा मी प्लंबरला फोन करणार तोच हा ताग आणि सफेदा घेऊन हजर झाला. नळाच्या आट्यांना त्याने मूठभर ताग गुंडाळला, वरून लोण्यासारखा सफेदा थापला आणि अंगातलं सगळं बळ लावून नळ आवळला.

"यागोदाताई, लिहून ठेवा," तो म्हणाला. "जिथे आटे आहेत तिथे ताग हवाच. ज्याला हे कळलं त्याला सगळं कळलं."

तो नळ त्यानंतर कधीही गळला नाही. उघडलाही नाही. मी आजही तोंड स्वयंपाकघरात धुते.

तर असा हा माणूस. आणि याच्याबरोबर माझ्या बहिणीने सव्वीस वर्षं काढली. देसांका माझ्यासारखी नाही. ती बोलत नाही. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा हिने तिचं अकरा वर्षं सगळं केलं. उचलायचं, धुवायचं, भरवायचं, आणि वर शिव्या ऐकायच्या. मिलिवोये त्या काळात दारातून डोकावून "आई, कशी आहेस" असं विचारायचा आणि खाली वाहनतळावर जायचा. सासू गेली तेव्हा देसांका एकावन्न वर्षांची होती आणि तिच्याकडे दाखवण्यासारखं एकच कौशल्य उरलं होतं, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं.

गंमत म्हणजे ते कौशल्य कुणालातरी हवं होतं. म्हाताऱ्यांची घरी जाऊन काळजी घेणारी एक संस्था आमच्याकडे निघाली होती. खेड्यांमध्ये एकेकटे राहणारे म्हातारे, मुलं सगळी व्हिएन्नात नाहीतर म्युनिकमध्ये. त्यांच्याकडे जायचं, औषधं द्यायची, आंघोळ घालायची, चूल पेटवून द्यायची. देसांकाने मला न सांगता अर्ज केला आणि तिची निवड झाली. अट एकच होती. स्वतःची गाडी हवी, आणि तिची नोंदणी चालू हवी. संस्थेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, सोमवारी सकाळी सात वाजता नोंदणीचा कागद दाखवा आणि आपल्या गावांची यादी घेऊन जा. कागद नसेल तर यादी पुढच्या बाईला जाईल.

देसांका ही बातमी सांगायला वर आली तेव्हा तिने ओठांना लाली लावली होती. सव्वीस वर्षांत मी तिला लाली लावलेली दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा कुणाचं तरी लग्न होतं.

गाडी होती. एका चुलतभावाने जर्मनीहून आणलेली, वीस वर्षं जुनी, मागची काच प्लॅस्टिकच्या पट्टीने चिकटवलेली. गाडी मिलिवोयेच्या नावावर होती, म्हणजे नोंदणीच्या कागदावर सही त्याचीच लागणार. नोंदणी रविवारी संपत होती. नवी करायची तर आधी वार्षिक तपासणी पार पडायला हवी. पूर्वी तपासणीवाला गाडीकडे बघून न बघितल्यासारखं करायचा आणि शिक्का मारायचा. आता तिथे धूर तपासायचं नवं यंत्र आलंय आणि यंत्राला कॉफी पाजता येत नाही. आदल्या शनिवारी गाडी नापास झाली. चालकासमोरच्या फळीवर पिवळा दिवा कधीपासून जळतच होता. तपासणीवाल्या पोराने सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर मेलाय, तो बदला आणि या.

हा सेन्सर म्हणजे बोटाएवढी वस्तू असते. धुराच्या नळीत स्क्रूसारखी पिळून बसवतात. आतला धूर हुंगून इंजिनाला पेट्रोल किती घ्यायचं ते ती सांगते. मला हे सगळं तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या एका आठवड्यात मला इतकं कळलं की आता मीही गावातल्या उस्तादांमध्ये जमा व्हायला हरकत नाही.

"ओस्तोयाकडे ने," देसांका म्हणाली.

ओस्तोयाचं गॅरेज रेल्वेच्या पुलाखाली आहे. तोही कारखान्यातला, पण इंजिनाच्या विभागातला, खरा कारागीर. आणि तो मिलिवोयेला चारचौघांत "रबरवाले" अशी हाक मारतो. एवढ्यावरून मिलिवोये नऊ वर्षं त्या पुलाखालून चालतसुद्धा गेलेला नाही. बाजारात जायचं तर चर्चला वळसा घालून जातो.

"ओस्तोयाकडे?" मिलिवोये म्हणाला. "एक स्क्रू काढून दुसरा बसवायला? बावीस वर्षं मी कारखान्यात काय गवत उपटत होतो?"

"रबर लावत होतास," मी म्हणाले.

देसांकाने मला टेबलाखालून पाय मारला.

मुदतीला बरोबर आठवडा असताना, सोमवारी काम सुरू झालं. सोमवारी म्हणजे दुपारी, कारण सकाळी आधी टेबल खाली न्यावं लागलं. घडीचं टेबल, चार स्टुलं, कॉफीचं भांडं, राकिया, धुरावलेलं मांस कापून आणि लोणच्यातली कोबी. एखाद्याने बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं कुणाच्या तरी कुलदैवताचा सण आहे. शेजारचा टिका पहिला आला. टिका कारखान्यात पहारेकरी होता, पण त्याचं मत सगळ्यांत ठाम असतं. मग आणखी दोघे आले. मिलिवोये जुनी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरला आणि त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले.

"दिसतोय का?" टिकाने विचारलं.

"दिसतोय. गंजलाय."

"मारून बघ."

"सेन्सर आहे तो, टिका. मारायचा नसतो."

"अरे हळूच मार."

त्याने मारला. संध्याकाळपर्यंत ते एवढंच करत होते. देसांकाने सहा वेळा कॉफी केली. मी गॅलरीतून मोजत होते, कारण मला दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी पान्याने सेन्सरच्या डोक्याचे कोपरे झिजवून गोल करून टाकले. आता पाना त्यावर बसेना. बुधवारी सकाळी गॅसची शेगडी खाली नेऊन नळी तापवायची असं ठरलं, आणि टिकाने आपली बायको नको म्हणत असतानाही घरातला सिलिंडर आणला. नळी लाल होईपर्यंत तापवली. चौघांनी मिळून मोठ्या चिमट्याने सेन्सर पिळला. दुपारी दोनच्या सुमारास जुना सेन्सर सुटला आणि मिलिवोयेच्या बाहीत पडला. डगल्याची बाही जळली. चौघांनी असा जल्लोष केला की वाटावं विहीर खणताना पाणी लागलं.

नवा सेन्सर देसांकाने दोन दिवस आधीच आणून ठेवला होता. छोट्या खोक्यात होता, एकाच तारेचा, आणि त्याबरोबर करड्या मलमाची इवलीशी पुडी होती. आट्यांना लावायला. मिलिवोयेने पुडी हातात घेतली, वास घेतला आणि टेबलावर फेकली.

"हे काय, ओठांना लावायचं?" तो म्हणाला. "देसे, वर जा आणि माझा ताग आण."

मी गॅलरीत होते. खरं सांगते, तेव्हा मला काही खटकलं नाही. मला वाटलं, असेल लागत. माझा नळ मी विसरले होते असं नाही, पण नळ वेगळा आणि गाडी वेगळी, असं वाटायला एखाद्याला गाडीतलं थोडं तरी कळावं लागतं. खाली जमलेल्या चौघांनाही ते कळलं नाही, आणि त्यांची मिळून कारखान्यातली नव्वद वर्षं होती.

त्याने सेन्सरच्या आट्यांना ताग गुंडाळला. प्रेमाने, सावकाश, एकेक धागा नीट बसवत. लहान मुलाला कुणी इतकं जपून गुंडाळत नाही. त्यावर सफेदा थापला. टिकाने सल्ला दिला की थोडा जास्त थाप, एक्झॉस्ट आहे, धूर गळला तर परत नापास. तो आणखी थापला. मग गाडीखाली शिरून त्याने सेन्सर आवळला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "आता हा मी मेल्यावरसुद्धा गळणार नाही."

इंजिन चालू झालं. पाच मिनिटांत जळक्या पोत्याचा असा वास सुटला की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने खिडकी उघडून विचारलं, कुठे आग लागली आहे का. पहिल्यांदा वास येतोच, टिका म्हणाला. बसतोय, मिलिवोये म्हणाला. फळीवरचा पिवळा दिवा मात्र तसाच जळत राहिला. चौघांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मिलिवोयेने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा खोचली, फळी उचकटली आणि दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला.

"झालं," तो म्हणाला.

गुरुवारी गाडी तपासणीला गेली आणि पहिल्याहून वाईट नापास झाली. यंत्राने काढलेल्या कागदावर आकडे बघून त्या पोराने म्हणे विचारलं, "तुम्ही नक्की काही बदललंय का?" मिलिवोये घरी आला, जोडे न काढता पलंगावर पडला आणि छताकडे बघत म्हणाला की नवा सेन्सरच खोटा आहे, बाजारात हल्ली सगळा खोटा माल येतो. रविवारी तो भंगारबाजारातून एक जुना, खरा सेन्सर आणणार होता.

"सोमवारी सकाळी सात वाजता मला कागद लागतो," देसांका म्हणाली.

"मग थांबायला सांग त्यांना. म्हातारे कुठे पळून चाललेत?"

"ते दुसरीला देतील काम."

"देऊ देत. तुला घरात काय कमी आहे?"

मी तिथेच होते. मीठ मागायला म्हणून खाली गेले होते, खरं तर काय झालं ते ऐकायला. देसांकाने ओला फडका घेऊन टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली की मी मीठ न घेताच वर आले.

अपमान झाला की मिलिवोये मासे धरायला जातो. शुक्रवारी पहाटेच तो टिकाबरोबर, टिकाच्या गाडीतून, ग्रुझाच्या तळ्यावर गेला. आठ वाजता माझ्या दारावर टकटक झाली. देसांका अंगात कोट घालून उभी होती आणि तिच्या हातात गाडीची किल्ली होती.

"ताई, चल," ती म्हणाली. "एकटीने पुलाखाली जायला मला कसंतरी वाटतं."

ओस्तोयाने गाडी उचलली, खाली गेला आणि दिवा लावून वर बघितलं. मग त्याने आम्हाला बोलावलं.

"काय गं देसांका, या गाडीत तुम्ही पाण्याची पाइपलाइन टाकलीय का?"

सेन्सर बाहेर निघाला. आट्यांवर काळा कोळसा आणि पिवळट, भाजलेला सफेदा, वाळलेल्या चिखलासारखा. ओस्तोयाने तो आमच्यासमोर धरला आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. या सेन्सरला तार एकच. विजेला जायला एक वाट आणि यायला दुसरी वाट लागते, आणि दुसरी वाट म्हणजे याचं अंगच. लोखंड लोखंडाला उघडं भिडलं तरच तो बोलतो. त्याला सफेदा आणि तागात गुंडाळलं म्हणजे एखाद्याला रजईत शिवून टाकून वर विचारायचं, काय रे, बाहेर हवा कशी आहे. वर तो ताग जळून गेला, त्यामुळे फटीतून बाहेरची हवा आत शिरतेय.

"सेन्सर चांगला आहे," तो म्हणाला. "नवाकोरा आहे. बिचाऱ्याने काही केलेलं नाही."

तारेच्या ब्रशने त्याने आटे घासून लख्ख केले. आपल्या डब्यातलं करडं मलम बोटाच्या टोकाने लावलं, पुडीत होतं तेच. उघडाच पिळून बसवला. चहाला लागतो तेवढा वेळ. फळीत नवा बल्ब बसवला. इंजिन चालू केलं, पिवळा दिवा लागला आणि दोन क्षणांत आपोआप विझला. माझ्या बहिणीने तोंडावर हात ठेवला.

"रबरवाल्याला सांगू नका मी केलं म्हणून," ओस्तोया म्हणाला. "नाहीतर तो गाडीच विकेल."

तो थट्टेत म्हणाला होता. देसांकाला ती थट्टा वाटली नाही. तपासणीला जाताना, गाडी पास झाल्यावर, परत येताना, ती मला तीन वेळा म्हणाली, "ताई, एक शब्द नको. उद्या दोन वाजेपर्यंत नोंदणीची खिडकी उघडी आहे. त्याने जाऊन सही केली की झालं. त्यानंतर तुला हवं ते बोल."

"मला काय पडलंय," मी म्हणाले.

संध्याकाळी मिलिवोये करंगळीएवढे दोन मासे घेऊन आला. देसांकाने त्याला सांगितलं की गाडी बाजारापर्यंत नेली तर वाटेत ती एकदम नीट चालायला लागली, म्हणून तशीच तपासणीला नेली आणि पास झाली. मी दारात उभी राहून त्याचं तोंड बघत होते. माणसाला थोडी तरी शंका येईल, एखादा प्रश्न तरी विचारेल. छे.

"ताग बसला," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं ना? तागाला दोन दिवस लागतात."

ते मासे त्याने तिच्याकडून साफ करून घेतले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता टेबल पुन्हा खाली. मिलिवोयेने धुतलेला शर्ट घातला होता, कारण कॉफी झाल्यावर तो सही करायला जाणार होता. कागदपत्रांची पिशवी त्याच्या स्टुलाला अडकवलेली. तेच तिघे समोर बसले होते आणि मिलिवोये उभा राहून त्यांना तागाचं शास्त्र समजावून सांगत होता. कारखान्यात जर्मन इंजिनिअर आले होते, त्यांनासुद्धा हे ठाऊक नव्हतं म्हणे. टिकाने विचारलं, माझ्याही गाडीला लावून देशील का. मिलिवोये म्हणाला, बघू, वेळ मिळाला तर. वेळ. या माणसाला.

मी पाव आणायला निघाले होते. मला टेबलाच्या बाजूने जाणं भागच होतं. देसांका ट्रे घेऊन उभी होती. तिने ओठांना लाली लावली होती.

"या, यागोदाताई, बसा," मिलिवोये म्हणाला. त्याने आधीच दोन घोट घेतले होते. "तुमच्यासारख्यांना वाटतं, काही झालं की पळा ओस्तोयाकडे. आता बघा. आणि ही आमची देसांका, हिला रडू येत होतं गुरुवारी. बायकांचं हेच. गाडी चालवायला शिकवलं म्हणून चालवेल, पण गाडी म्हणजे काय हे हिला सात जन्मांत कळायचं नाही. उद्या वाटेत बंद पडली तर त्या म्हाताऱ्यांनाच हिला ढकलून आणावं लागेल."

टिका हसला. बाकीचे दोघेही हसले. देसांकाही थोडं हसली, हसावं लागतं तसं, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली. मला ती अगदी नीट कळली, आणि ती कळली नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिने मान एवढीशी हलवली, नको म्हणून.

"तुझा ताग जळून कोळसा झाला होता, उस्ताद," मी म्हणाले. "काल ओस्तोयाने तो ब्रशने खरवडून काढला. सेन्सर उघडा बसवला, तसलंच मलम लावून, जे तू फेकून दिलंस. दहा मिनिटं लागली. तुला चार दिवस लागले आणि तुझ्यामुळेच गाडी नापास झाली. आणि कुठून कळलं विचारशील, तर मी तिथे उभी होते, आणि ही तुझी देसांका, जिला सात जन्मांत काही कळायचं नाही, तिनेच गाडी पुलाखाली नेली."

मला थांबता आलं असतं. पण मी बल्बचंही सांगितलं. आणि पाण्याच्या पाइपलाइनचं, रजईत शिवल्याचं, ओस्तोयाच्याच शब्दांत.

मग टिका हसायला लागला. तो असा हसला की त्याला स्टुलाला धरावं लागलं, आणि "रबरवाले, पाण्याची पाइपलाइन" असं काहीतरी तो म्हणत राहिला, शब्द नीट फुटेनात. बाकीचे दोघेही फुटले. मला सांगायला लाज वाटत नाही, तो आवाज मला फार गोड लागला. सव्वीस वर्षं मी त्याची वाट बघत होते.

मिलिवोये ओरडला नाही. ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पांढरा झाला, त्याने कागदांची पिशवी उचलली आणि तो आत गेला. देसांका ट्रे टेबलावर ठेवून त्याच्यामागे धावली. जिन्यातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती विनवत होती. तो एकच वाक्य म्हणत होता, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा.

"गाडी माझी आहे. ज्याने दुरुस्त केली त्याच्याकडून सही घे."

मी पाव घेऊन आले तेव्हा साडेदहा झाले होते. साडेअकराला मी खाली गेले. तो स्वयंपाकघरात टीव्हीसमोर बसला होता आणि पिशवी त्याच्या मांडीवर होती. मी त्याला म्हणाले की मी माफी मागते. माझ्या आयुष्यात मी हे कुणाला म्हटलेलं नव्हतं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. एक वाजता देसांकाने त्याच्या पायाशी बसून त्याचे जोडे हातात घेतले, तो कपडे करून तयार, फक्त पायात जोडे नसलेला बसला होता, आणि ती एकेक जोडा त्याच्या पायाशी धरत होती. त्याने पाय मागे घेतले. मी दारात उभी होते. असल्या माणसाला मारावंसं वाटतं, पण मारून सही मिळत नाही.

दोन वाजले. मग सव्वादोन. टीव्हीवर कुणीतरी गात होतं.

देसांका जिन्यात येऊन बसली, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर. मी तिच्या शेजारी बसले. ओठांची लाली तिने मनगटाने पुसली होती आणि ती गालापर्यंत पसरली होती. मी म्हणाले की हा माणूस म्हणजे शुद्ध दगड आहे, मी म्हणाले की याला सोड, माझ्याकडे ये. आणखीही बरंच म्हणाले, नेहमीसारखं. ती ऐकत होती की नाही ठाऊक नाही. मग ती वळली.

"तो मूर्ख आहे हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "तुझ्याइतकंच माहीत आहे. मला त्याच्याकडून फक्त सही हवी होती. तुला काय हवं होतं?"

जिन्याच्या खिडकीतून खालचं टेबल दिसत होतं. टिका एका नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत होता, आणि दोघेही पोट धरून हसत होते.